मंत्र्याचा वरचा सा

वेंकटेशनं तो सिनेमा अकरा मिनिटं आधीच संपवला, आणि तीन दिवस तंजावरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

चूक त्याची एकट्याची. कमलांबिका टॉकीजमध्ये तो प्रोजेक्टर चालवतो. चालवतो म्हणजे पूर्वीच्या लोकांसारखी रिळं गुंडाळत घाम गाळत नाही. सिनेमा आता एका डबीतून येतो, तो संगणकात भरायचा, आणि कुठं मध्यंतर, कुठं दिवे, कुठं दारं उघडायची, एवढ्या खुणा आधी घालून ठेवायच्या. मग बटण दाबलं की माणूस खाली वडा खायला मोकळा. या खुणा घालण्यासाठी सिनेमा एकदा नीट बघावा अशी अपेक्षा असते. वेंकटेशनं तो आवाज बंद करून, पळवत पळवत बघितला. दोन तास छत्तीस मिनिटांवर पडदा काळा झाला. त्यानं खूण घातली: दिवे, दारं, थांब. पडदा फक्त सहा सेकंद काळा राहतो आणि पुढं अजून अकरा मिनिटांचा सिनेमा आहे, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं, कारण पळवायचं त्यानं तिथंच थांबवलं होतं.

हा वेंकटेश म्हणजे हे सांगणाराच. पण स्वतःची फजिती ‘तो’ म्हणून सांगितली की निम्मी तरी दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाते, तेवढीच सोय.

सिनेमा ऐतिहासिक होता आणि राजकारणाचा होता. म्हणजे सगळे जण अंगावर दागिने घालून हळू आवाजात बोलतात आणि मधूनमधून घोडे धावतात. एक म्हातारा मंत्री असतो. तो तीन राजांना गादीवर बसवतो आणि तिघांनाही उतरवतो. जाहिरातीत लिहिलं होतं की संगीतासाठी कुठल्याशा थंड देशातून ऐंशी वादक एका खोलीत बसवले होते. शुक्रवार ते रविवार बारा खेळ झाले. बाराही वेळा मंत्री रिकाम्या दरबारात जाऊन बसला, पडदा काळा झाला, दिवे लागले आणि लोक चपला शोधायला लागले. कुणी तक्रार केली नाही. उलट, यूट्यूबवर सिनेमे तपासणाऱ्या एका स्थानिक पोरानं सांगितलं की असा धीट, मोकळा शेवट आपल्याकडं कुणी करत नाही. एका मास्तरांनी तर वेंकटेशला जिन्यात थांबवून सांगितलं, “शेवटी भाषण नाही, हे फार बरं केलं.” वेंकटेशनं नम्रपणे मान हलवली. कशाबद्दल कौतुक होतंय ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारच्या खेळानंतर प्रोजेक्टरच्या खोलीचं दार वाजलं. या खोलीला बत्तीस पायऱ्या आहेत आणि तिथं मालकही वर्षातून एकदाच, आयुधपूजेला येतो. दारात विशालाक्षी मामी उभी होती. सत्तरीला आलेली, ठेंगणी, ठिपक्यांची सुंगुडी साडी, हातात पिशवी, आणि गुडघ्यांनी बत्तिसाव्या पायरीपर्यंत काय काय सहन केलं ते सगळं तोंडावर.

“आधी पाणी दे,” ती म्हणाली. “मग खोटं बोल.”

वेंकटेशनं बाटली दिली. मामीनं तोंड न लावता घटाघट अर्धी संपवली.

“आता मज सांग, किती मिनिटं खाल्लीस?”

“कसली मिनिटं, मामी?”

“सिनेमाची. शेवट कोठे आहे?”

“झाला ना. मंत्री बसला, काळं झालं. आजकाल असंच संपवतात. धीट शेवट.”

“सिनेमा कसाही संपवू दे. गाणं असं संपवत नाहीत.” आणि तिनं तिथंच, प्रोजेक्टरच्या पंख्याच्या घरघरीत, खालच्या जाड आवाजात गाऊन दाखवलं: “स रि ग प ध नि...” निवर ती थांबली आणि वेंकटेशकडं बघत राहिली. “पुढं?”

“पुढं काय?”

“तुज लहानपणी कुणी गाणं शिकायला बसवलं नाही का?”

“बसवलं होतं. उठवलंही.”

“पुढं सा येतो रे. वरचा सा. कुत्र्यालाही कळतं. हा मंत्र्याचा सूर आहे. तो आला की खालून मोठी व्हायोलिनं हा सूर धरतात आणि निवर नेऊन सोडतात. दरबारात नि. राणीला विष देतो तेव्हा नि. पहिल्या राज्याभिषेकात नि. अडीच तास त्या संगीतवाल्यानं मज निवर टांगून ठेवलं. इतकं टांगलं म्हणजे देणार असतो तो सा, शेवटी, एकदाच. नाहीतर ऐंशी माणसं काय ताक प्यायला बोलावली होती? मी बसले, पडदा काळा झाला, म्हटलं आता येतो. आणि तू दिवे लावलेस.”

वेंकटेशनं संगणकाकडं बघितलं. सिनेमाची लांब पट्टी होती, तिच्यावर त्याची खूण होती, आणि खुणेच्या पलीकडं पट्टी अजून बरीच शिल्लक होती.

“अकरा मिनिटं,” तो म्हणाला.

“बघ.” मामी एका उलट्या खोक्यावर बसली. जिंकल्याचा आनंद तिला दाखवता येत नव्हता, कारण गुडघे चोळायचे होते.

वेंकटेशनं लगेच तयारी दाखवली: इथंच, या छोट्या पडद्यावर, आत्ता लावतो. त्या पडद्याला एक स्पीकर होता. मामीनं तो निरखून बघितला.

“या काडेपेटीतून ऐंशी माणसं ऐकायची?”

“दोन महिन्यांत टीव्हीवर येईल, मामी.”

“ती मोठी काडेपेटी. आणि तिरुचीला जा म्हणशील तर हे गुडघे तू घालून जा. तू मोडलंस, तू दे. या हॉलमध्ये, मोठ्या स्पीकरवर. गुरुवारी सिनेमा जाणार, त्याच्या आत.”

आता ही मामी कोण, ते सांगायला हवं.

विशालाक्षी जन्मली पापनाशमला. वडील स्टेशनवर तिकिटं देत. घर मराठी, म्हणजे देवघरात आणि भांडणात मराठी, बाकी तमिळ. पणजोबांनी राजवाड्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली असं घरात सांगत. पण घरात आणखीही बरंच काही सांगत. वडिलांच्या मते सिनेमा बघणं हे मुलींचं काम नव्हतं. अडचण एवढीच की त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून टूरिंग टॉकीजचा तंबू होता. संध्याकाळचा खेळ सुरू झाला की अख्खा सिनेमा भिंतीतून स्वयंपाकघरात यायचा. विशालाक्षी डाळ निवडत ऐकायची. भिंतीनं शब्द गाळून टाकलेले असत, नुसतं संगीत यायचं. कोण आलं, कोण खोटं बोलतंय, कोण आता मरणार, हे तिला वाद्यांवरून कळायला लागलं. एकोणिसाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा तंबूच्या आत बसून सिनेमा बघितला, आणि तिची निराशा झाली. नायिका तिच्या संगीतापेक्षा बरीच जाड होती.

पुढं ती कलेक्टर ऑफिसात टायपिस्ट झाली आणि बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज, नकार आणि परवाने टाइप करत राहिली. नवरा त्यागराजराव ओरत्तनाडूला शेती खात्यात. भला माणूस, दर शनिवारी बायकोला सिनेमाला न्यायचा आणि सुरुवातीची नावं संपायच्या आत झोपायचा. मामी ऐकण्यासाठी डोळे मिटून बसायची. दोघं शेजारी शेजारी डोळे मिटून. तेव्हाच्या कमलांबिकाच्या डोअरकीपरला वाटायचं की या जोडप्याच्या घरी पंखा नसावा. त्यागराजराव आठ वर्षांपूर्वी गेले. मामी अजून येते, सोमवारी दुपारी, गर्दी नसताना, जी रांगेत अकरा नंबरला. दहा नंबरवर पिशवी ठेवते.

अलीकडं तिची एकच तक्रार होती, कुकरची. आजकालचे कुकर शिट्टीच नीट वाजवत नाहीत म्हणायची. तीन वर्षांत तीन कुकर बदलले. मेलवीदीतल्या भांडीवाल्यानं तिसऱ्या वेळी पैसे परत घ्या म्हणून हात जोडले.

कमलांबिकाचे मालक सूर्यनारायण. सिनेमा म्हणजे मध्यंतराच्या अलीकडं आणि पलीकडं जे दाखवावं लागतं ते, असं त्यांचं मत. वेंकटेशनं खाली जाऊन सगळं कबूल केलं. मामी मागं उभी होती म्हणून कबूल केलं, नाहीतर इतका प्रामाणिक तो नाही.

सूर्यनारायण शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “ती अकरा मिनिटं मज शनिवारीच कळली. खेळ लवकर सुटतोय बघितलं. आजपासून तिथं दोन साडीवाल्यांच्या आणि एका दातांच्या डॉक्टरची जाहिरात बसवलीय. चूक झाली ती झाली. आता दुरुस्त करून दुसरी चूक करू नकोस.”

“म्हणजे शेवट दाखवायचाच नाही?”

“कुणी मागितला?”

“मी,” मामी म्हणाली.

सूर्यनारायण खुर्चीतून थोडे उठले. मामी बसा म्हणेपर्यंत बसावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. कारण असं की सिनेमागृहाचा परवाना कलेक्टर ऑफिसातून मिळतो, आणि सूर्यनारायणांच्या वडिलांच्या काळापासून तो दर वेळी मामीनं टाइप केला होता, पाच कार्बन लावून. वडील दर वेळी टेबलासमोर उभे असत आणि मामी दर वेळी एखादा कागद कमी आहे म्हणून सांगे. मामी निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी हे घराणं तिच्यासमोर सरळ बसू शकत नव्हतं.

“बुधवारी सकाळी,” सूर्यनारायण म्हणाले, “अकराच्या खेळाआधी. शेवटची अकरा मिनिटं लावून देईल तो.”

“पानावर बसवायचं आणि नुसतं पायसम वाढायचं? मध्यंतरापासून पाहिजे.”

“मामी, सव्वा तास होतो. त्या मशीनच्या दिव्याचे तास मोजलेले असतात. एकट्या माणसासाठी सव्वा तास दिवा जाळायचा म्हणजे...”

“दिवा कशाला?” मामी म्हणाली. “चित्र कोण मागतंय?”

सूर्यनारायणांनी वेंकटेशकडं बघितलं. दिवा न लावता नुसता आवाज सोडता येतो का? येतो, वेंकटेश म्हणाला. कुणी असं कधी मागितलं नव्हतं, एवढंच.

“एसीही नको,” मामी म्हणाली. “मज थंडी वाजते.”

“मग सवानऊला या,” सूर्यनारायण म्हणाले.

बुधवारी सवानऊला मामी हजर. हॉलमधले सगळे पांढरे दिवे लागलेले. त्या उजेडात कमलांबिका टॉकीज फार वाईट दिसतं. भिंतीवरचे डाग, फाटलेल्या खुर्च्या, आणि खुर्च्यांखाली मंगळवारचं पॉपकॉर्न. धनलक्ष्मी ते झाडत होती. ती सकाळी हॉल झाडते आणि दुपारी शेजारच्या शाळेत पाणी भरते. मामीनं जी अकरा गाठली, दहावर पिशवी ठेवली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“तू इथं बस,” ती वेंकटेशला म्हणाली. “वर बसून वडे खाल्लेस तर पुन्हा बोंब व्हायची.”

वेंकटेश बटण दाबून खाली आला आणि त्यागराजरावांच्या जागेवर बसला. पडदा मळकट पांढरा, हॉल लख्ख उजेडात, आणि एकदम सगळीकडून दरबार सुरू झाला. धनलक्ष्मीनं झाडू थांबवला आणि पडद्याकडं बघितलं.

“मशीन बिघडलं?”

“पडद्याला आज सुट्टी,” मामी म्हणाली. “बस तूही. पॉपकॉर्न कोठे पळत नाही.”

धनलक्ष्मी पायरीवर बसली.

पहिला प्रसंग शपथेचा. मंत्री विधवा राणीला सांगतो, माझं रक्त तुमच्या मुलासाठी. आवाज इतका गोड की वेंकटेशला हे प्रेमप्रकरणच वाटलं. मामीनं त्याच्या दंडावर बोट टोचलं.

“त्याचं तोंड ऐकू नकोस. खाली ऐक. खालची व्हायोलिनं कोठे चाललीत?”

वेंकटेशनं ऐकलं. शब्दांच्या खाली काहीतरी जड, हळूहळू एकेक पायरी उतरत होतं. मंत्र्याचाच सूर, पण उलटा.

“वर जायचा सूर उतरवतोय,” मामी म्हणाली. “म्हणजे तोंडानं चढवतोय आणि मनानं उतरवतोय. राणीला अर्ध्या तासानं कळणार आहे, आपल्याला आत्ताच कळलं. हा संगीतवाला म्हणजे दरबारातला चहाडखोर आहे. पडद्यामागं उभा राहून सगळं प्रेक्षकांच्या कानात सांगतो.”

मग राज्याभिषेक आला. वेंकटेशला वाटलं आता नगारे, तुताऱ्या, ऐंशीच्या ऐंशी माणसं तुटून पडणार. पुरोहितांचे मंत्र झाले, जयघोष झाला, आणि मग सगळं थांबून एकच वाद्य उरलं, जाड सनईसारखं, नाकात बोलणारं, पों... पों... करत चालणारं. मामी मोठ्यानं हसली. धनलक्ष्मीही हसली आणि मग आपण का हसलो म्हणून इकडंतिकडं बघायला लागली.

“मुकुट मोठा होतोय राजाला,” मामी म्हणाली. “मी सोमवारी डोळे मिटून ओळखलं. मग उघडून बघितलं तर खरंच कानावर आला होता.”

कटाच्या प्रसंगात मंत्र्याचा सूरच नव्हता. खाली नुसती टकटक, बारीक, असंख्य, वेगवेगळ्या गतीनं.

“हे काय वाजतंय, मामी?”

“व्हायोलिनंच. घासत नाहीत, गजाच्या लाकडानं तारा टिपतात. ऐक, हे माझं ऑफिस. वीस टायपिस्ट एका खोलीत. कुणाला उद्या नोकरीवरून काढायचंय, त्याचे कागद होताहेत.” तिची दहाही बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. एका ओळीच्या शेवटी डावा हात सवयीनं उचलला आणि हवेतलं काहीतरी सरकवलं.

आणि मग ती म्हणाली, “याचं मज एक आवडलं. वर काही ठेवलंच नाही यानं. सगळं खाली, मंद्रात. बारीक व्हायोलिनं एकदाही किंचाळली नाहीत. काय संयम आहे बघ.”

वेंकटेशला तर वर बरंच काही ऐकू येत होतं. विषाच्या प्रसंगात, राणीच्या रडण्यात, आत्ता या टकटकीवरही एक बारीक, चिकट सूर सतत तरंगत होता. पण ज्याला गाण्याच्या शिकवणीतून उठवलं होतं त्यानं काय बोलावं? डाव्या बाजूचा स्पीकर गेला असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. तक्रार लिहायला हवी होती, तीही राहिली होती.

दोन तास छत्तीस मिनिटं. आवाज बंद झाला.

“इथं तू दिवे लावलेस,” मामी म्हणाली.

“हो.”

“शहाणा आहेस.”

सहा सेकंदांनी पुन्हा सुरू झालं. पावलांचा आवाज, दार, कुणीतरी कुणाला तरी विचारतं, आत कोण आहे. मंत्री उत्तर देत नाही. मग खालून तो सूर आला. आधी एकच मोठं व्हायोलिन, मग चार, मग किती ते मोजता येईना. स रि ग. मामीनं डोळे मिटले आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. प ध. खुर्ची वेंकटेशच्या पाठीखाली थरथरायला लागली. पॉपकॉर्नचे दाणे जमिनीवर नाचायला लागले, हे तो शपथेवर सांगायला तयार आहे. नि. ऐंशी माणसं निवर जाऊन थांबली, आणि मग एकदम सगळी गप्प झाली.

त्या गप्पपणात, फार उंचावरून, एकच व्हायोलिन आलं.

वेंकटेशच्या हातावर काटा आला. धनलक्ष्मीनं मान वर करून छताकडं बघितलं, जणू तिथं कुणी आहे. तो सूर हलला नाही, वाढला नाही, नुसता होता. पंधरा सेकंद, वीस सेकंद. मग संपला, आणि नावांबरोबर वाजणारे नगारे सुरू झाले.

मामीनं डोळे उघडले.

“दिला नाही मेल्यानं,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत दिला नाही. आहे हिंमत...” आणि मग तिनं धनलक्ष्मीला बघितलं, अजून छताकडं बघत असलेली. मग वेंकटेशचा हात बघितला, काटा आलेला.

नगारे वाजत राहिले.

“आला?”

“आला, मामी.”

“कोठे?”

“वर. फार वर. एकच व्हायोलिन.”

वेंकटेश वर पळाला, तेवढाच तुकडा पुन्हा लावला, आणि वरूनच खिडकीतून बघत राहिला. मामी उठून खाली गेली होती, पडद्याच्या अगदी पुढं, जिथं मोठे स्पीकर आहेत. एखाद्या बंद घराच्या दाराशी उभं राहावं तशी मान किंचित वाकडी करून उभी होती. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यानं आवाज इतका वाढवला की निवर खिडकीची काच वाजली; पण साच्या वेळी काच गप्पच होती, तो सा काचेच्याही कामाचा नव्हता.

वेंकटेश खाली आला तेव्हा मामी परत जी अकरावर बसून फ्लास्कमधली कॉफी टंबलरमध्ये ओतत होती. तिघांसाठी दोनच टंबलर होते. तिनं पहिला धनलक्ष्मीला दिला.

“म्हणजे कुकर बरोबर होते,” ती म्हणाली. “तिन्ही.”

वेंकटेश म्हणाला, “डावा स्पीकर...”

“गप रे. त्यात कशाला बिचाऱ्या स्पीकरला ओढतोस? आणि मी संयम, संयम म्हणत बसले. तो वर गात होता आणि मी त्याच्या गप्प बसण्याचं कौतुक करत होते.” ती थोडं हसली, तोंडाच्या एका कोपऱ्यानं. “तो किती वर्षांपासून गातोय आणि मज येत नाहीये, कुणास ठाऊक. एवढे सिनेमे.”

बाहेर सूर्यनारायणांची स्कूटर थांबल्याचा आवाज झाला. धनलक्ष्मीनं कॉफी संपवून झाडू उचलला.

“सरी, असू दे,” मामी वेंकटेशला म्हणाली. “कान माझे गेले, पण अकरा मिनिटं तू खाल्लीस. तुझ्याकडून सा यायचाय. तू सांग. कसा आला?”

“चांगला आला, मामी.”

“चांगला.” मामीनं टंबलर खाली ठेवला. “बत्तीस वर्षं मी अर्ज टाइप केले. माणसाला सांगायचं नसतं तेव्हा तो ‘चांगला’ लिहितो. सा म्हणजे काय ते मज माहीत आहे, तो तू सांगायला नको. हा कसा होता? चालत आला की पडला? कापत होता की ताठ? आला तेव्हा मंत्र्याची दया आली की राग?”

“सांगतो, मामी. जरा विचार करून सांगतो.”

“तोंडी नको. तोंडी अर्ज मी घेत नाही. लिहून आण. आणि आपल्या भाषेत आण.”

वेंकटेशला मराठी, म्हणजे घरची भाषा, बोलता येते, तीही आजीच्या तालावर, तमिळ मिसळून. लिहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मामीनं पुढच्याच रविवारी पाटी काढली.

सिनेमा गुरुवारी गेला. तंजावरकरांना त्याचा शेवट अजून धीट आणि मोकळाच वाटतो. वेंकटेशनं ती अकरा मिनिटं नंतर काडेपेटीवर चित्रासकट बघितली. बरी होती. त्यात काय दिसतं ते मामीला सांगायला गेला तर तिनं हात वर केला.

मामीनं कानातलं यंत्र घेतलं आणि पंधरा दिवसांत कपाटात ठेवलं. त्यातून कुकर येतो, सा येत नाही, म्हणाली. सोमवारी दुपारी ती अजून जी अकरावर असते, आणि आता मधूनमधून शेजारी टोचून विचारते, “वर काही आहे का?” शेजारी वेंकटेश असतो. वर कोण प्रोजेक्टर बघतं, हा प्रश्न सूर्यनारायणांनी अजून विचारलेला नाही.

रविवारी तो तिच्या घरी जातो, कागद घेऊन. पहिल्यांदा लिहून नेलं: ओलं बोट टंबलरच्या काठावरून फिरवावं तसा. मामीनं उठून टंबलर आणला, पाणी घेतलं, बोट फिरवलं, आणि काहीच ऐकू आलं नाही म्हणून कागद परत दिला. दुसऱ्यांदा: दुपारी विमानतळाकडून विमान जातं, दिसत नाही, पांढरी रेघ तेवढी राहते तसा. मामी म्हणाली, ही रेघ डोळ्याची झाली, मी कानाची मागितली. तिसऱ्यांदा त्यानं धनलक्ष्मीला बरोबर नेलं. तिला लिहिता येत नाही, तिनं तोंडीच सांगितलं की पोटात थंड पाणी गेल्यासारखं झालं आणि तो म्हातारा सुटला असं वाटलं. मामीनं हे तिला दोनदा म्हणायला लावलं आणि धनलक्ष्मीचं खातं मिटलं असं जाहीर केलं. तोंडी अर्ज चालला कसा, असं वेंकटेशनं विचारलं. मामी म्हणाली, तिनं माझं काही खाल्लं नव्हतं.

काल पाचवा कागद झाला. मामीनं चष्मा लावून वाचला. एका वेलांटीवर पेन्सिलीनं खूण केली, एका वाक्याशी थांबली, पुन्हा वाचलं, आणि वेंकटेशला वाटलं, झालं. मग तिनं कागद घडी करून त्याच्या खिशात घातला.

“जवळ आलास. पण यात तू जास्त आहेस आणि सा कमी.”

तो चपला घालत होता तेवढ्यात आत कुकर वाजला. मामी दारात उभी राहून त्याच्या कॉलरचा धागा काढत होती. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली.

“तीन झाल्या, मामी.”

मामी आत गेली, गॅस बंद केला, आणि तिथूनच म्हणाली, “शिट्ट्या काय, कुणीही मोजेल. सा?”

“पुढच्या रविवारी.”

“मागच्याही रविवारी हेच म्हणाला होतास.”